पुढच्या चाकाचा ब्रेक लागतोय, पण सुटतोय का?

गेल्या आषाढात निपाणीला पाव्हण्यांकडं गेलो होतो, परत येताना काकतीजवळ चहाला थांबलो आणि गाडीतनं उतरल्या-उतरल्या डाव्या पुढच्या चाकाकडनं वास आला. क्लच जळल्यासारखा नव्हता, इस्त्री जास्त तापली की येतो तसला कडवट वास. चाकाजवळ हात नेला, लावला नाही, नुसता जवळ नेला, तर चुलीपुढं धरल्यासारखी धग. उजव्या बाजूला जाऊन बघितलं तर तिथं नुसतं कोमट. पाऊस बारीक चालूच होता आणि रिमच्या फटीतनं आत डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, पडलेला थेंब चर्र करून उडून जात होता.

त्यानंतर दोन गॅरेज झाले. एकानं पॅड (डिस्कला घासून गाडी थांबवणारे गुटके) बदलले, दुसऱ्यानं कॅलिपरचा (पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या घराचा) किट टाकला, दोन्ही वेळेला चार दिवस बरं वाटलं आणि परत तेच. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशिन शॉपमध्ये काम करतोय, माप घेतल्याशिवाय पार्टाला हात लावायचा नाही ही सवय हाताला लागलेली आहे, म्हणून शेवटी एका रविवारी घरीच चाक उचललं आणि एकेक पायरी मोजत मोजत शोधलं. त्यात जे कळलं ते इथं सगळं लिहितोय, कारण आपल्या भागात हा त्रास खूप जणांना आहे आणि बहुतेक जण अंदाजानं पार्ट बदलत बसतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला पाहिजे. ब्रेक लागतो कसा हे सगळ्यांना माहीत असतंय, पायानं दाबलं, तेल पुढं गेलं, पिस्टननं पॅड डिस्कवर दाबला. पण सुटतो कसा? मागच्या ड्रम ब्रेकमध्ये ब्रेक शू मागं ओढायला स्प्रिंगा असतात. पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुतेक गाड्यांत पिस्टन मागं ओढणारी स्प्रिंगच नसते. ते काम कॅलिपरच्या आत बसवलेली एक चौकोनी काठाची रबराची रिंग करते, जिला आपण नुसती सील म्हणतो आणि जी तेल गळू नये म्हणून आहे एवढंच समजतो.

ही रिंग काय करते ते समजायला आत्ता टेबलावर बोट दाबून ठेवा आणि न घसरवता थोडं पुढं ढकला. कातडी ताणते, बोट पुढं जातं, जोर सोडला की बोट आपोआप मागं येतं. पिस्टनला धरून बसलेली ती रिंग तशीच ताणते आणि पाय काढला की पिस्टनला मागं ओढते, किती, तर पॉइंट एक-दोन एमएम. बस, एवढंच. कागदाच्या एक-दोन पानांएवढी फट. आता तेच बोट जास्त जोरानं ढकललं तर घसरून पुढं जातं आणि नव्या जागी बसतं, तसाच पॅड झिजेल तसा पिस्टन रिंगमधनं थोडा-थोडा घसरून पुढं सरकत राहतो, म्हणून डिस्क ब्रेकला ॲडजस्टमेंट करावी लागत नाही. फार हुशारीचं काम आहे हे, पण याचा अर्थ असा की सुटण्याची ताकद अगदी कमी आहे. लावायला पन्नास बारच्या वर दाब, आणि सोडवायला रबराची ताण. वाटेत कुठंही थोडा गंज, थोडी माती, थोडा अडथळा आला तर लागायचं काम व्यवस्थित होतं आणि सुटायचं काम राहून जातं.

म्हणूनच डिस्क ब्रेक शंभर टक्के मोकळा कधीच नसतो. चाक उचलून फिरवलं की पॅडचा हलका शर्र-शर्र आवाज येणारच, त्याला घाबरायचं कारण नाही. प्रश्न येतो तो एक चाक दुसऱ्यापेक्षा जड झालं की.

जड म्हणजे किती, याचा एक साधा हिशोब सांगतो. समजा एका चाकावर ब्रेकचं घासणं टायरच्या काठावर सहा किलोच्या ओढीएवढं आहे. ताशी ६० किलोमीटरला ते जवळजवळ १००० वॅट होतात. म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायची एक कॉईल त्या डिस्कला लावून तुम्ही बेळगावहून कोल्हापूरला निघालाय. ती उष्णता पॅडला जाते, पिस्टनला जाते, आणि तिथनं तेलात उतरते. आणि हे तेल, म्हणजे ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ या प्रकारचं तेल नवीन असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी प्यायलं की १४० पर्यंत खाली येऊ शकतं. डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. पावसाळ्यात कणकुंबीवरनं चोर्ला उतरताना किंवा आंबोलीचा घाट उतरताना अगोदरच घासत असलेल्या चाकातलं जुनं तेल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. ॲव्हरेज दोन किलोमीटरनं कमी झालं ही तक्रार त्यापुढं काहीच नाही.

तर तपासायचं कसं.

पहिल्यांदा गाडी चालवून बघायची. मोकळा सपाट रस्ता बघून पंधरा-वीस किलोमीटर जायचं, ब्रेक कमीत कमी वापरायचा, थांबताना गिअर कमी करत करत हळू थांबायचं. मग चारी चाकांजवळ हात नेऊन बघायचं, किंवा लांबनं तापमान बघायचं ते बंदुकीसारखं मीटर मिळतंय ते डिस्कवर धरायचं. आकड्यापेक्षा डावं-उजवं किती फरक आहे ते महत्त्वाचं. दोन्ही पुढची सारखीच गरम असतील तर गोष्ट वेगळी, एकच तापलं असेल तर वेगळी, आणि डावं पुढचं आणि उजवं मागचं अशी तिरकी जोडी तापली असेल तर आणखी वेगळी, कारण खूप गाड्यांत ब्रेकची लाईन अशी तिरकी वाटलेली असते आणि तेव्हा संशय चाकावर नाही तर वर मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबलं की तेल पुढं ढकलतो त्यावर, जायला पाहिजे. कधी तापतंय तेही लक्षात ठेवा. सकाळी थंड असताना चाक फ्री, आणि दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर आपोआप ब्रेक धरायला लागतो, पेडल दगडासारखं कडक होतं, हे असेल तर तेलाला परत मास्टर सिलिंडरवरच्या डब्यात जायची वाट बंद आहे. पेडल पूर्ण वर येत नसेल तरी हे होतं. मी एका ओळखीच्या माणसाच्या गाडीत बघितलंय, जाड मॅट नवीन टाकलेलं, ते पेडलच्या दांड्याला अडत होतं, एवढंच. मॅट काढलं आणि संपलं. ब्रेक लाईटचा स्विच चुकून पुढं बसवला तरी असंच होतं, तेव्हा खाली वाकून पेडलला थोडी मोकळी चाल आहे का ते आधी बघा, पाना नंतर उचला.

आता चाक उचलायचं. सपाट फरशीवर, मागच्या चाकांना पुढनं-मागनं दगड लावून, हँडब्रेक ओढून, आणि जॅकवर विसंबून नाही, खाली स्टँड लावून. जॅक सरकून लोकांचे हात गेलेत, हे मी कामाच्या ठिकाणी वारंवार ऐकलंय, त्यामुळं यात घाई नाही.

गिअर न्यूट्रलला टाकून चाक हातानं फिरवायचं. पण हाताचा अंदाज फसवा असतो, एकाला जड वाटतं ते दुसऱ्याला हलकं. मी भंगारवाले वापरतात तो हुकाचा ताणकाटा घेतला, टायरवर सुतळीचे दोन वेढे घातले, टोक काट्याच्या हुकात अडकवलं आणि सावकाश ओढत गेलो. चाक सारखं फिरत असताना काटा जो आकडा दाखवेल तो लिहायचा, सुरुवातीचा झटका धरायचा नाही. उजवीकडं सव्वादोन किलो आलं. डावीकडं पहिल्यांदा ओढलं तर तीन आलं, मला वाटलं फार फरक नाही. मग भाच्याला गाडीत बसवलं.

"दाब जोरात. हां. आता सोड."

"सोडलो मामा."

परत ओढलं. साडेसात किलो! दोन मिनिटं थांबून ओढलं तर पाच. आणखी दहा मिनिटांनी तीन. म्हणजे ब्रेक सुटत होता, पण लई सावकाश सुटत होता. गॅरेजमध्ये नेईपर्यंत आणि रांगेत नंबर लागेपर्यंत चाक फ्री झालेलं असायचं, म्हणून कुणाला सापडत नव्हतं. तुम्ही तपासाल तेव्हा ब्रेक दाबून सोडल्यावर लगेच फिरवून बघा, ही एक गोष्ट विसरू नका.

आता सगळ्यात मोलाची तपासणी, जी पैसे घालवायच्या आधी करायची. चाक अडकलेलं असताना प्रश्न एकच: आत तेलाचा दाब अडकलाय, की दाब गेलाय पण लोखंडच चिकटलंय? कॅलिपरच्या मागं एअर काढायचा निपल असतो. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडायचं आणि रिंग पान्यानं निपल पाव वेढा सैल करायचा. तेल फस्सकन आलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकलेला होता, दोष कॅलिपरच्या आधी, वरच्या लाईनमध्ये. तेल आलं नाही किंवा थोडं आलं पण चाक तसंच जड, तर दोष चाकापाशीच, पिस्टन, पिना नाहीतर पॅड.

दाब अडकलेला असेल तर तो कुठं अडकलाय हेही असंच शोधता येतं. परत ब्रेक दाबून सोडायला लावायचा, कारण आधीचा दाब निघून गेलेला असतो. मग यावेळी निपल नाही, तर लोखंडी पाईप जिथं रबरी होजला जोडलाय तो वरचा नट थोडा सैल करायचा, खाली फडकं धरून, कारण हे तेल रंगावर पडलं तर रंग उचलतं. तिथं सैल केल्यावर चाक सुटलं तर अडथळा आणखी वर, मास्टर सिलिंडरकडं. माझ्या गाडीत वरचा नट सैल केला, चार थेंब आले, चाक हललं नाही. खाली निपल खोलला, फस्स, आणि चाक मोकळं. दोघांच्या मधे काय आहे? एक वीतभर होज.

बाहेरनं तो होज एकदम चांगला दिसत होता, एक चीर नाही. काढून ब्लेडनं उभा कापला तेव्हा कळलं. होज जिथं पत्र्याच्या क्लिपनं सस्पेन्शनला धरलेला असतो तिथं तो पत्रा आतनं गंजून फुगलेला होता, कागदासारखे पापुद्रे सुटलेले, आणि त्यानं होज चारी बाजूनं आवळला होता. आतलं भोक सुईएवढं राहिलं होतं. पायाच्या जोरानं तेल तिथनं पुढं रेटलं जायचं, पण परत यायला मागं नुसती रबरी रिंगची ताण, तिला ते झेपत नव्हतं. आपल्याकडं चार महिने ओल, त्यात खानापूर-जांबोटी बाजूची तांबडी माती क्लिपमध्ये घट्ट बसते आणि दिवाळीपर्यंत ओलीच राहते, त्यामुळं हे व्हायचंच. होज दोन्ही बाजूचे जोडीनं बदलले, जिथं तांब्याचे वायसर होते तिथं नवेच टाकले, एअर काढली.

पण होज हा माझा दोष होता, तुमचा तोच असेल असं नाही. दाब अडकत नसेल तर कॅलिपर उघडून बघावंच लागतं, आणि तिथं जास्त करून दोष निघतो तो पिनांत. आपल्या बहुतेक गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो, आतल्या. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या उलट्या धक्क्यानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिना सरकल्या नाहीत की बाहेरचा पॅड डिस्कला टेकून राहतो. जुने पॅड टाकून देऊ नका, शेजारी ठेवून जाडी बघा. बाहेरचा जास्त झिजलाय तर आधी पिनांवर संशय, आतला जास्त झिजलाय तर आधी पिस्टनवर, तिरका झिजलाय तर एकच पिन जाम किंवा पॅडचा एक कान अडकलेला. पक्का नियम नाही हा, पण सुरुवात कुठनं करायची ते कळतं.

पिना बाहेर काढून ब्रेक क्लीनरनं धुवायच्या, भोकातलं जुनं ग्रीस चिंधीनं पूर्ण काढायचं. पिनेवर खड्डे पडले असतील तर पिन नवीनच. खूप गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबराचं बूच असतं आणि ती वरची की खालची हे ठरलेलं असतं, काढताना खूण करून ठेवा, अदलाबदल झाली तर नव्यानंच जाम होतं. ग्रीस ब्रेकचंच पाहिजे, सिलिकॉनचं, उष्णता सोसणारं. इथं मी जरा जोर देऊन सांगतो, कारण आपल्याकडं बेअरिंगचं ग्रीस लावायची आणि पार्ट डिझेल-पेट्रोलनं धुवायची पद्धत आहे. ब्रेकचं रबर खनिज तेलात फुगतं. आज गुळगुळीत वाटेल, दोन महिन्यांनी रबर फुगून पिन आवळून धरेल. ब्रेक ऑइल या नावानंही घोटाळा होतो, ऑइल म्हणजे कुठलंही ऑइल समजून कोणीतरी इंजिनचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं डब्यात ओतलं तर वरपासून खालपर्यंत सगळी सील फुगतात आणि चारी चाकं धरायला लागतात. डब्याच्या झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालंय का बघा, झालं असेल तर नुसतं तेल बदलून भागत नाही, रबर असलेले सगळे पार्ट बदलावे लागतात. आणि ग्रीसही भसाभस भरायचं नाही, पातळ थर पुरतो, जास्त झालं की आत हवा कोंडते आणि पिन दाबली तरी परत बाहेर येते. बसवताना रबरी टोपणाची कड बोटानं दाबून हवा जाऊ द्यायची.

पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथंही असंच. स्टीलच्या पातळ क्लिपा काढल्या की खाली ब्रॅकेटवर गंजाचा थर असतो, तो क्लिपेला वर उचलतो आणि पॅड घट्ट होतो. मग लोक नवा पॅड घासून बसवतात. पॅड घासायचा नाही, ब्रॅकेटचा गंज तारेच्या ब्रशनं आणि कानसीनं काढायचा, इतका की पॅड दोन बोटांनी सरकेल पण खडखडणार नाही. ही धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, जुन्या पॅडमध्ये काय असेल सांगता येत नाही.

पिस्टन मागं ढकलताना सी-क्लॅम्प लावून सावकाश, निपल थोडा सैल करून आणि नळी लावून, म्हणजे आतलं काळं तेल वर न जाता बाटलीत येतं. क्लॅम्प बंद करायला फारच जोर लागत असेल, किंवा डस्ट कव्हर फाटून पिस्टनवर गंजाचे डाग आलेले दिसले, तर पिस्टन आणि सील दोन्ही नवीन टाका, नाहीतर अख्खा कॅलिपर. पिस्टनला पॉलिश पेपर मारून परत बसवणं हे मी कधी करणार नाही, कारण वरचा मुलामा एकदा गेला की गंज दुप्पट वेगानं येतो. डिस्कच्या कडेला उंच धार आली असेल तर नव्या पॅडची कड तिला घासते. जाडी मायक्रोमीटरनं बघा, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. हबवरचा गंज साफ न करता डिस्क बसवली तर ती तिरकी फिरते आणि प्रत्येक वेढ्याला एकदा, एकाच जागी शर्र करते, तो आवाज सारखा येणाऱ्या आवाजापेक्षा वेगळा ओळखू येतो.

सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं, हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळायचे. पॅड नवीन असतील तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरनं १० पर्यंत, मधे थोडं अंतर ठेवून, आठ-दहा वेळा सौम्य ब्रेक मारून त्यांना बसू द्यायचं.

आणि प्रवासात मधेच चाक असं तापलं तर? गाडी बाजूला घेऊन चाकाला दगड लावायचा आणि थंड होऊ द्यायचं, अर्धा-पाऊण तास. वर पाणी ओतायचं नाही, तापलेली डिस्क वाकते नाहीतर चिरते. घाट पुढं असेल आणि पेडल मऊ लागत असेल तर ती गाडी उतरवायची नाही, टो करून न्यायची.

माझ्या गाडीचं सांगतो. होज, पिनांचं ग्रीस, ब्रॅकेटची सफाई आणि नवीन डॉट ४ झाल्यावर तोच ताणकाटा परत लावला. भाच्यानं दाबून सोडलं, लगेच ओढलं. डावीकडं दोन किलो चारशे, उजवीकडं सव्वादोन. कॅलिपर काढून तारेनं बांधून ठेवला आणि नुसतं चाक ओढलं तर एक किलोच्या आसपास, म्हणजे पॅडचं स्वतःचं घासणं सव्वा-दीड किलो, दोन्हीकडं जवळजवळ सारखं. हे चारी आकडे मॅन्युअलच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवलेत. आता दर वर्षी मे महिन्यात, रोहिणी लागायच्या आत, पिना काढून पुसतो आणि होजच्या क्लिपा तारेच्या ब्रशनं मोकळ्या करतो, आणि दर दोन वर्षांनी तेल बदलतो, सील न फोडलेल्या नव्या बाटलीतनं.

परवा त्याच रस्त्यानं निपाणीला जाऊन आलो, काकतीला त्याच टपरीवर थांबलो. दोन्ही बाजूंना हात नेऊन बघितला. दोन्हीकडं सारखंच कोमट.